तुमच्या बदली दुसरं कुणी चालत नाही

लग्नाच्या गाठी वर बांधल्या जातात म्हणे. छाया आणि वाल्मीकची भेट मात्र पुण्यातल्या एका कॉम्प्युटरने ठरवली. नुसती भेट. पुढचं काही बघायचं कॉम्प्युटरच्या अंगावर नसतं, त्यामुळे त्याला दोष देता येत नाही. दोष कुणाला द्यायचा हे छायाला अजूनही कळलेलं नाही.

भाद्रपदातली दुपार होती. त्र्यंबकच्या बाजूचा पाऊस एकदा बसला की पाहुण्यासारखा उठायचं नाव घेत नाही. मोठ्या रस्त्याला बसमधून उतरून छाया चिखल तुडवत आत आली, तेव्हा तिच्या सँडलचा एक पट्टा निघाला होता आणि टॅब ओढणीत गुंडाळून पोटाशी धरला होता. पडवीत एक तरुण झेंडूच्या ढिगापुढे बसून चांगली फुलं वेगळी काढत होता. शेजारचं कुत्रं आधी भुंकलं आणि मग त्याने वर पाहिलं.

"दादा, सावळीराम यांचं घर हेच ना?"

"हेच. विम्याचं काम असलं तर नको आम्हाला."

"विमा नाही. मत विचारायला आलेय."

"मत? निवडणूक लागली काय?"

त्याचंही चुकलं नाही. त्या गावात आजवर मत मागायलाच माणसं आली होती, विचारायला कुणी आलं नव्हतं. छायाची संस्था पाहण्या करायची. पुण्या-मुंबईत फोनवर प्रश्न विचारायचे आणि 'महाराष्ट्र काय म्हणतो' म्हणून छापायचं, असं बरीच वर्षं सुखात चाललं होतं. मग कुणाच्या तरी ध्यानात आलं की महाराष्ट्र त्याच्याही पलीकडे आहे. म्हणून आता डोंगराकडची, आडरस्त्याची गावं घ्यायची ठरली. स्वतःहून पुढे येणारा बोलघेवडा माणूस नको. चिठ्ठी टाकल्यासारखं जे घर निघेल तेच घर, आणि त्या घरात ज्याचं नाव निघेल तोच माणूस. मग दर महिन्याला त्याच्या मोबाइलवर प्रश्न जाणार आणि तो उत्तरं देणार.

आतून नवसाबाई आल्या, वाल्मीकची आई. छायाने घरातल्या मोठ्या माणसांची नावं टॅबवर भरली: आई, थोरला सावळीराम, त्याची बायको, धाकटा वाल्मीक. टॅबने क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि वाल्मीकचं नाव दाखवलं.

"अगं बाई, ह्याला काय इचारती?" नवसाबाई म्हणाल्या. "थोरल्याला इचार. समदा कारभार त्योच बघतो."

"खरंय," वाल्मीक म्हणाला. "नायतर शेजारी पुंजाराम आबा हाय. त्याच्याकडं मतंच मतं हायत. लिहून हात दुखतील तुमचे."

"नाही चालत," छाया म्हणाली. हे वाक्य तिच्याकडून प्रशिक्षणात घोकून घेतलेलं होतं. "नाव तुमचं निघालंय. तुमच्या बदली दुसरं कुणी चालत नाही."

वाल्मीकच्या हातातलं फूल हातातच राहिलं.

हा माणूस थोरल्याचे शर्ट घालून मोठा झालेला, थोरल्याची सायकल चालवलेला, थोरल्याने ठरवलेलं पीक काढणारा. बी.ए. केलं तेही थोरल्याने अर्ज आणला म्हणून. त्याच्या बदली कुणी चालत नाही, असं त्याला आजवर कुणी म्हणालं नव्हतं. छायाने मात्र ते सकाळपासून तीन-चार घरांत म्हटलं होतं. प्रेमाची सुरुवात अशी एकाच्याच बाजूने होते, ही जुनी अडचण आहे.

मग तिने संमतीचा मजकूर वाचला. लांबलचक मजकूर... तुमचं नाव कुणाला कळणार नाही, नको वाटलं तर उत्तर देऊ नका, तपासणीसाठी बोलण्याचा काही भाग रेकॉर्ड होऊ शकतो. तिच्या केसांतून निघालेला पाण्याचा थेंब कानामागून गळ्याकडे चालला होता. वाल्मीकने सगळ्याला मान हलवली. सगळेच हलवतात.

"आणि मी उत्तरंच दिली नाय तर?" निघताना त्याने विचारलं.

"आधी ऑफिसातून फोन येईल."

"घरात रेंज नाय. वेशीबाहेर म्हसोबाच्या टेकडीवर जावं लागतं."

"फोन नाही लागला तर मग मी येते."

"असं होय," वाल्मीक म्हणाला. "मग बरंय."

*

पुढच्या महिन्यात त्याने उत्तरं दिली नाहीत. छायाच्या टॅबवर त्याच्या नावापुढे लाल खूण आली आणि ती कुरकुरत बसमध्ये बसली.

"रेंज नव्हती का, दादा?"

"होती की. चांगला टेकडीवर जाऊन बसलो होतो."

"मग?"

"परश्न नुसते वाचून कळत नायत. तुम्ही वाचले की कळत्यात." आणि मग इकडेतिकडे बघत, "आणि ते दादा तेवढं सोडा. दादा घरात एक हाय, पुरे."

"सगळ्यांना दादाच म्हणायचं असतं."

"माझ्या बदली दुसरं कुणी चालत नाय म्हणाला होतात... मग सगळ्यांच्यात कशाला घालता?"

छायाने ओठ दाताखाली धरला आणि पडद्याकडे पाहत वाचलं, "तुमच्या गावाच्या रस्त्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात? अतिशय समाधानी, थोडे समाधानी, थोडे असमाधानी, अतिशय असमाधानी?"

"तुम्ही आत्ता त्याच रस्त्यानं आलात. तुमचं मत काय?"

"माझं मत चालत नाही."

"सँडल बघूनच कळतंय," तो म्हणाला, आणि तिला हसू फुटलं ते फुटलंच.

मग तिची नजर टॅबवर गेली. टॅब मुलाखतीतला कुठला तुकडा रेकॉर्ड करतो हे कुणालाच ठाऊक नसतं. दिवा लागत नाही, आवाज होत नाही. तिच्याबरोबर लागलेल्या उज्वलाला गेल्या दिवाळीच्या तोंडावर काढलं होतं, कारण एका बाईला ती म्हणाली होती, "हो ना मावशी, मलाही तसंच वाटतं." विचारणाऱ्याने आपलं मत दिलं की उत्तर नासतं, दुधात मिठाचा खडा पडल्यासारखं. छायाला नासवून चालणार नव्हतं. नाशिकच्या अंबड वसाहतीत वडील कामाला होते ती कंपनी बंद पडल्यापासून सिडकोतलं घर तिच्या पगारावर चाललं होतं. वडील दिवसभर खिडकीत बसून भोंग्याच्या वेळा पाळायचे.

कार्तिकात पुन्हा लाल खूण आली. तेव्हा ती कुरकुरली नाही. बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली तर उगाच आनंद झाला. मार्गशीर्षात लाल खूण यायला उशीर झाला, तेव्हा ती दिवसातून चारदा टॅब उघडून बघत होती, आणि खूण दिसल्यावर तिने जो श्वास सोडला तो ऐकून आईने विचारलं, "काय गं, पगार झाला?"

त्या वेळी वाल्मीकने शेवंतीचं एक फूल तिच्यापुढे धरलं होतं. पांढरं, पाकळ्यांवर दव तसंच असलेलं.

"घेता येत नाही," छाया म्हणाली. "भेट घ्यायची नाही असा नियम आहे."

"फूल बी?"

"फूल पण."

"आमच्या घरात कुणी फूल माळत नाय. सगळी त्र्यंबकला देवाला जात्यात. म्हटलं, एक तरी..." त्याने ते फूल परत ढिगात ठेवलं नाही. खिशात ठेवलं.

चहा देताना नवसाबाईंनी विचारलं, "तुझं झालं का गं लगीन?"

"नाही, मावशी."

"आमच्या बी ह्याचं होईना. फुलं समद्यांना पायजेत, फुलं करणारा जावई कुणालाच नको. पोरींना शहर पायजे, नोकरी पायजे." त्या वाल्मीकसमोरच बोलत होत्या. "तीन जागी नकार आला. आता तर हा बघायलाच जात नाय म्हणतो."

छायाने कपातला चहा एका दमात संपवला. जीभ पोळली.

*

आणि मग पौष आला. थंडीने डोंगर निळे झालेले, अंगणात शेकोटी. टॅबवर त्या महिन्यात एक मोकळा प्रश्न होता. मोकळ्या प्रश्नाला चार पर्याय नसतात. माणूस जे बोलेल ते शब्द न् शब्द टिपून घ्यायचं असतं.

"येत्या पाच वर्षांत," छायाने वाचलं, "तुमच्या आयुष्यात काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?"

वाल्मीकने शेकोटीतलं एक लाकूड आत सरकवलं.

"तुम्ही या घरात यावं," तो म्हणाला.

छायाची बोटं पडद्यावर थांबली.

"लिहा की... सगळं लिहायचं असतं म्हणालात ना. रस्ता नाय झाला तरी चालंल. थोरला वेगळा निघाला तरी चालंल. तुम्ही यावं. दर महिन्याला यायचं ते एकदाच यावं, आणि परत जाऊ नये."

नियमाप्रमाणे अशा उत्तरानंतर विचारायचं असतं, "आणखी काही?" छायाने ते विचारलं.

"आणखी एवढंच, की तुम्हाला काय वाटतं? आज तरी सांगा. हो म्हणा, नाय म्हणा."

तिला काय वाटत होतं ते सांगायला काही पाच वर्षं लागली नसती. एक अक्षर पुरलं असतं. ते अक्षर तिच्या ओठांवर आलं आणि त्याच वेळी तिला टॅब दिसला, दोघांच्या मधे पाटावर ठेवलेला, काळाभोर, शहाण्यासारखा गप्प. तो ऐकत असेल किंवा नसेल. उज्वला आठवली. खिडकीतले वडील आठवले. आणि हेही मनात आलं, की याला ठाऊकच आहे. आपण प्रत्येक वेळी सुरुवातीला वाचून दाखवतो रेकॉर्डिंगचं, हा प्रत्येक वेळी मान हलवतो. तो समजून घेईल. डोळ्यांतलं तर दिसतच असेल.

म्हणून तिने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "यात चूक-बरोबर असं काही नसतं. तुम्हाला जे वाटतं, तेच महत्त्वाचं."

शेकोटी तडतडली.

"बरं," वाल्मीक म्हणाला.

"पुढचा प्रश्न... तुमच्या घरात पिण्याचं पाणी मुख्यतः कुठून येतं?"

"विहिरीचं."

टॅब बंद केल्यावर सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. पण टॅब बंद होतोय तोच नवसाबाई चहा घेऊन आल्या, आणि बाहेर सावळीरामने मोटारसायकल काढून भोंगा वाजवला, "मॅडम, शेवटची गाडी चुकंल!" निघताना तिने वळून पाहिलं. वाल्मीक पाटावर बसून राखेत काडीने रेघा ओढत होता. त्याने मान वर केली असती तर... पण त्याने केली नाही.

*

छायाने ठरवलं, जे करायचं ते रीतसर करायचं. शेखर सर नाशिकच्या ऑफिसचे प्रमुख होते. तिने त्यांच्याकडे आतल्या कामासाठी अर्ज केला. आत टेबलावर गेलं की वाल्मीक तिच्याकडचा माणूस राहणार नव्हता, दुसऱ्या कुणाकडे गेला असता, आणि मग तिला हो म्हणायला कुणाची भीती नव्हती. एवढंच करायचं होतं. शेखर सर म्हणाले, "बघू, मार्चनंतर."

त्याचा नंबर तिच्याकडे नव्हता. ऑफिसच्या फोनवरून लागायचा तो आकडे न दाखवता, आणि ते सगळं बोलणं जपून ठेवलं जायचं. तिचा नंबर त्याच्याकडे नव्हता. आता लाल खूण येईल, मग जाऊ, मग सांगू, असं म्हणत ती थांबली.

माघात खूण आली नाही. वाल्मीकने वेळेवर उत्तरं दिली होती. फाल्गुनातही दिली. पहिल्याच दिवशी, सगळ्या तालुक्यात सगळ्यात आधी. छायाला ती उत्तरं दिसायची नाहीत, फक्त हिरवी खूण दिसायची, आणि त्या हिरव्या खुणेचा तिला इतका राग यायचा की टॅब आपटावासा वाटे. म्हसोबाच्या टेकडीवर एकटा बसून हा रस्त्याबद्दल किती समाधानी आहे ते सांगत असेल! एका रविवारी ती बस स्थानकापर्यंत गेलीही. मग परत आली. टॅब हातात असला की ती पाहणीवाली मॅडम होती. टॅबशिवाय ती एका तरण्या पोराच्या दारात उभी राहिलेली पोरगी झाली असती, आणि गाव सगळीकडे सारखंच असतं.

चैत्र सरता सरता शेखर सरांनी बोलावलं. अर्ज मंजूर झाला होता. पुढच्या महिन्यापासून आतलं काम. आणि ती जागेवर येऊन बसते तो टॅबवर वाल्मीकच्या नावापुढे लाल खूण!

बोलावलं, तिला वाटलं. राग गेला त्याचा. मला बोलावलं.

त्या दिवशी तिने पिवळा ड्रेस घातला आणि बस स्थानकाबाहेर मोगऱ्याचा गजरा घेतला. स्वतः घेतलेल्या फुलाला नियमाची आडकाठी नव्हती, आणि शेवटचीच तर फेरी होती. बसमध्ये तिने मनातल्या मनात वाक्य जुळवलं, मोडलं, परत जुळवलं. शेवटी एकच अक्षर ठेवलं.

वळणावरूनच गाणी ऐकू आली. तिला वाटलं पुंजाराम आबांकडे काहीतरी असेल. मग आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव दिसला, सावळीरामच्या अंगणातला.

"ये गं ये," नवसाबाई पुढे आल्या. त्यांच्या गालाला हळद होती. "बरी येळेला आलीस. गजरा बी माळलास, किती शोभतीस! उद्या लगीन वाल्मीकचं. मामाच्या वळखीतली पोरगी, शिमग्याला बघितली आन् हा एका शब्दात हो म्हणाला. कधी नाय ते."

वाल्मीक पडवीत पाटावर बसला होता. हातात लिंबू टोचलेली कट्यार, अंगभर हळद. गाण्याचा कर्णा इतका मोठ्याने चालला होता की शेजारचं माणूस काय बोलतंय ते तिसऱ्याला ऐकू गेलं नसतं. सात-आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्या दोघांना असा आडोसा मिळाला होता.

"उत्तरं द्यायची राहिली," तो म्हणाला. "पत्रिका वाटत फिरत होतो. मग हळद लागली. हळद लागल्यावर नवऱ्यानं वेस वलांडायची नाय, आणि टेकडी वेशीच्या भाईर. तुम्हाला हेलपाटा पडला."

म्हणजे त्याने बोलावलं नव्हतं. त्याच्याकडून नुसतं राहून गेलं होतं.

"विचारा," वाल्मीक म्हणाला. "आलाच आहात तर."

तिने टॅब उघडला. दुसरं काय करणार? संमती वाचली. पहिला प्रश्न वाचला. "तुमच्या वैवाहिक स्थितीत काही बदल झाला आहे का?"

"उद्या व्हईल."

"आजचं सांगायचं असतं."

"आज नाय."

छायाने 'अविवाहित'वर बोट ठेवलं. तिला पुढचा प्रश्न दिसेना, अक्षरं पाण्यात पडल्यासारखी हलायला लागली. तिने टॅब बंद केला. पुरता बंद केला, बटण दाबून, पडदा काळा होईपर्यंत.

"माझं उत्तर हो होतं, वाल्मीक," ती म्हणाली.

नाव घेऊन तिने त्याला पहिल्यांदा हाक मारली होती. त्याची कट्यार मांडीवर आडवी झाली.

"मग तवा... तुम्हाला जे वाटतं ते, असं का म्हणालात? मला वाटलं, शिकलेलं माणूस नाय म्हणायचं ते असं म्हणतं."

"रेकॉर्डिंग असतं त्यात. माझी नोकरी गेली असती. तुम्हाला माहीत होतं ना... दर वेळी सुरुवातीला वाचून दाखवते मी."

"त्यात हुतं हे?"

"तुम्ही मान हलवायचात!"

"मी कुठं ऐकत हुतो," वाल्मीक म्हणाला. "तुम्ही वाचायला लागलात की मी तुमच्याकडं बघत बसायचो. शब्द एक नाय ऐकला कधी."

कर्ण्यातलं गाणं संपलं आणि दुसरं लागलं.

"आता?" त्याने विचारलं. हळदीने पिवळे झालेले हात त्याने उगाच एकदा धोतराला पुसले. हळद अशी पुसून जात नाही.

छायाला एक क्षण वाटलं, म्हणावं काहीतरी. उठ म्हणावं. मग कुठल्या तरी गावात अशीच पाटावर बसलेली, अशीच पिवळी झालेली एक मुलगी तिला दिसली. तिचं नावही ठाऊक नव्हतं. तिला कुणीच काही विचारलं नव्हतं.

"तिलाही हळद लागली असेल," छाया म्हणाली. "उद्या वेळेवर जा."

तिने केसांतला गजरा काढून पाटाशेजारी ठेवला आणि निघाली. नवसाबाई मागून जेवायला थांब म्हणत राहिल्या. वेशीपर्यंत गाणी ऐकू येत होती. त्याला वेस ओलांडता येत नव्हती, म्हणून तिने मागे वळून पाहिलं नाही.

*

आता छाया नाशिकच्या ऑफिसात बसते. सिडकोतून सकाळच्या बसने येते, संध्याकाळी परत जाते. आतलं काम म्हणजे नव्याने लागलेल्या मुलींना शिकवणं. पाहणी आणखी लांबच्या तालुक्यांत चाललीय आणि दर महिन्याला नवीन मुली येतात.

पावसाळ्यात शेखर सर खुशीत तिच्या टेबलाशी आले. "छाया, तुझं एक रेकॉर्डिंग सापडलं तपासणीत. माणूस सरळ लग्नाचं विचारतोय, आणि तू जागची हललेली नाहीस! याला म्हणतात तटस्थ राहणं. नावं काढून टाकलीत, आता प्रत्येक तुकडीला हेच ऐकवायचं."

म्हणून दर महिन्याला ती ते लावते. आधी शेकोटीचा आवाज येतो. मग तो बोलतो, मुली खुदकन हसतात. मग तिचा स्वतःचा आवाज येतो, कोरडा, स्वच्छ, एकही शब्द इकडचा तिकडे नाही. त्यानंतर तो "बरं" म्हणतो. तेव्हा तिला ऐकू आलं नव्हतं, पण त्या "बरं"च्या आधी तो श्वास घेतो आणि अर्ध्यात सोडून देतो. आता तिला दर महिन्याला ऐकू येतो.

या वेळच्या तुकडीत नाझिया नावाची मालेगावची मुलगी होती. ती हसली नाही. हात वर करून तिने विचारलं, "मॅडम, त्याचं पुढे काय झालं?"

"पुढे?" छायाने यंत्र बंद केलं. "पुढे पिण्याच्या पाण्याचा प्रश्न होता."